पैलवानाचा भ

६ जानेवारी

नवी वही काढली, कारण नवं काम मिळालं आहे. पंधरा मार्चपासून दैनिकाचं सगळं रूप बदलणार आणि त्याच्या मथळ्यांचं अक्षर आम्ही काढायचं. आम्ही म्हणजे मी आणि धाकटी; काम संपेपर्यंत ती सासरहून माझ्याकडेच राहायला आली आहे. मी कागदावर शाईनं काढते, ती ते कॉम्प्युटरवर चढवून त्याची फाइल करते, म्हणजे छापखान्यात कुणालाही ते टाइप करता येतं. पाठची बहीण असल्यामुळे ती कामात हयगय करत नाही आणि माझं ऐकतही नाही.

संपादक म्हणाले, "बाई, आमचे मथळे वाचून लोकांना वाटतं आम्ही त्यांची माफी मागतोय. मला असं अक्षर द्या, की समोरच्या बाकावरच्या माणसानं धरलेला अंक इकडून वाचता आला पाहिजे."

दिलंच म्हणून समजा, असं सांगून आले. बाहेर पडल्यावर धाकटीनं कोपर मारलं. एवढं छातीठोक बोलायची काय गरज होती म्हणे. पण दैनिकाचं काम काही रोज दार ठोठावत नाही. हे बिघडलं तर यापुढे लग्नाच्या पत्रिका आणि साबणाची वेष्टनं करायची, हे तिलाही माहीत आहे.

अक्षराचं नाव तिनंच ठेवलं, पैलवान. चेष्टेनं ठेवलं, पण चिकटलं. उभ्या रेघा खांबासारख्या जाड, त्यांना खाली धारदार पाय, आणि जोडणाऱ्या रेघा मात्र केसासारख्या बारीक. जाड आणि बारीक यांच्या भांडणावरच हे अक्षर उभं राहतं. नुसतं जाड केलं तर ती सूज होते. पैलवानाला बोलायला चार शब्द द्यावेत, फार तर पाच. मथळा, पोस्टर, पुस्तकाचं मुखपृष्ठ, दुकानाची पाटी. त्याच्या तोंडी अख्खा परिच्छेद दिला तर वाचणाऱ्याच्या छातीवर बसेल.

रात्री धाकटी म्हणाली, "ताई, सुरू करण्याआधी डोळे तपासून घे ना. चष्मा किती जुना झालाय."

"माझे डोळे तुझ्या जन्माच्या आधीपासून अक्षरं बघतायत," मी म्हटलं. तोंड फुगवून आत गेली.

११ जानेवारी

अ, आ, क, ख झाले. ख बरा उतरला, र आणि व वेगळे पडत नाहीत.

वैताग पट्टीचा आहे. पट्टीनं शिरोरेषा आखली तरी मध्येच वर उचलल्यासारखी होते. पट्टी बदलली, दुसरीही तसलीच. दुकानदाराकडे परत करायला गेले तर त्यानं ती काचेवर ठेवून दाखवली, म्हणे सरळसोट आहे. काच त्याचीच, तो दुसरं काय म्हणणार?

१७ जानेवारी

धाकटीची कटकट मिटावी म्हणून चष्म्याच्या दुकानात जाऊन आले. त्यानं भिंगं बदलून बदलून बघितली आणि म्हणाला, नंबर आहे तोच आहे, तुम्ही डॉक्टरांना दाखवा. म्हणजे चष्मा विकायला बसलेला माणूस चष्मा विकत नाही! त्याचा आणि डॉक्टरचा काहीतरी घरोबा असणार. धाकटीला सांगितलं, नंबर आहे तोच आहे. हे काही खोटं नाही.

टेबलावर मोठा दिवा आणून बसवला. हल्लीच्या दिव्यांतही दम राहिलेला नाही.

ही वही लवकर संपणार असं दिसतं. पानं भराभर उलटतात आणि एका पानात पूर्वीइतकं मावत नाही. वह्यावालेही काटकसरीला लागले.

२४ जानेवारी

छापखान्यात गेले होते. पहिल्या अक्षरांचा नमुना काढला होता. जाड रेघा उत्तम, काळ्याभोर. पण बारीक रेघा कागदावर टिकतच नाहीत. फोरमनला म्हटलं, "यंत्राची शाई कमी पडतेय का? सगळ्या बारीक रेघा मेल्यात."

"कुठे मेल्या, बाई? ही बघा, ही बघा," म्हणत तो बोट ठेवत गेला. त्यानं बोट ठेवलं तिथे मला त्याचं बोटच दिसलं. वाद घालण्यात अर्थ नव्हता. त्याला यंत्राची बाजू घ्यावीच लागते.

घरी येऊन सगळ्या बारीक रेघा जाड करायला घेतल्या. बारीक रेघ जाड झाली की आतली जागा आकसते, हे मला कळतं. पण जी रेघ कागदावर दिसतच नाही ती डौलदार असून काय करायची?

३१ जानेवारी

जिन्यात शेजारीण भेटली. तिनं हाक मारेपर्यंत ओळखलं नाही म्हणून रुसली. तिथला दिवा कुणी बदलत नाही आणि बोलणी मला.

धाकटीचं काहीतरी बिनसलंय. परवा दुपारी चहा ओतताना माझ्या हातून थोडा बशीबाहेर सांडला तर एवढ्यातेवढ्यावरून डोळे पुसायला लागली. रस्त्यानं चालताना मुद्दाम माझ्या डाव्या बाजूला येते आणि खेटून चालते. मी बाजूला सरकले की तीही सरकते. लहानपणी अशी कधी चिकटली नाही.

संध्याकाळी स्वयंपाकघरात फोनवर दबक्या आवाजात बोलत होती. मी दारापर्यंत गेले तेव्हा एवढंच ऐकू आलं, "फाइल माझ्याकडूनच घ्या. तिच्याकडून थेट काही घेऊ नका. आणि तिला यातलं कळू देऊ नका." पलीकडे फोरमन असणार. मी परत येऊन टेबलाशी बसले आणि हातात पेन धरून नुसती बसून राहिले.

हे लिहायला बरं वाटत नाही, पण लिहिते. माझी बहीण माझं काम माझ्या हातून काढून घेते आहे.

८ फेब्रुवारी

आज कळलं.

धाकटी प्रत्येक अक्षर हातभर मोठं छापून आतल्या खोलीच्या भिंतीवर लावते. तिच्या सोयीसाठी, मी सहसा तिकडे जात नाही. आज गेले. समोर उभी राहिले तेव्हा काही वावगं वाटलं नाही. खुर्ची घ्यायला वळले आणि कडेनं दिसलं. भ च्या डोक्यावर शिरोरेषा तुटते ती फट एवढी रुंद, की तिथून मांजर जाईल. ध चं तेच. पुन्हा नीट समोर उभी राहिले तर फट मला सापडेना. मान वळवली की पुन्हा तिथेच. बारीक रेघाही तिनं पुन्हा बारीक करून टाकल्यात. मी पंधरा दिवस बसून जे केलं ते तिनं गुपचूप पुसलं होतं.

तिला बोलावलं.

"हा भ कुणी असा केला?"

"मी केला."

"का?"

"बंद झाला होता, ताई."

"मी फट सोडली होती."

"होती," ती म्हणाली.

"होती म्हणजे?"

खाली मान घालून उभी. मी काय काय बोलले ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. तुला स्वतःचं एक अक्षर कधी काढता आलं नाही म्हणून माझ्यावर हात मारतेस, हे मात्र बोलले. ती एका शब्दानं उलटून बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. फक्त म्हणाली, "डॉक्टरकडे चल. एकदा. माझ्यासाठी." विषय कुठला आणि ही नेते कुठे!

१३ फेब्रुवारी

ती आतल्या खोलीत, मी बाहेरच्या. कागद दाराखालून सरकवते, ती घेते. जेवायला बसलो की मीठ मागण्यापुरतं बोलणं.

मनात एक गोष्ट घर करून बसली आहे ती लिहून टाकते. आज ज्ञ काढताना पेन कागदाला कुठे टेकलं ते मला टेकल्यावर कळलं. आधी नाही. दमले असेन. तो कागद फाडून तुकडे कचऱ्यात तळाशी दडवले.

२० फेब्रुवारी

धाकटीच्या सासूबाई पडल्या, पाय मोडला. निरोप आला तशी ती गावी गेली. जाताना तीनतीनदा बजावलं, "मी येईपर्यंत छापखान्यात काही देऊ नकोस. नमुना अंकाला अजून वेळ आहे. मी आल्यावर फाइल देईन."

हो म्हटलं.

ती नजरेआड झाली आणि मी सगळी मूळ अक्षरं पिशवीत भरून निघाले. तिच्या फाइलमधला सडपातळ पैलवान दैनिकावर चढायचा आणि खाली नाव माझं, हे मला चालणार नव्हतं. चौकात रस्ता ओलांडताना एका माणसानं न विचारता माझा हात धरला आणि पलीकडे नेऊन सोडलं. मला म्हातारी समजला बहुतेक. रागच आला, पण खरं तर एक गाडी अंगावरून गेल्यासारखी गेली होती आणि ती कुठून आली ते मला उमगलं नव्हतं.

फोरमन चाचरत होता. "धाकट्या बाईंना एकदा विचारून..."

"अक्षर कुणाचं आहे?"

"तुमचंच आहे."

"मग?"

त्यानं कागद घेतले. तिथल्या ऑपरेटरनं ते स्कॅन करून चढवले. नमुना अंक याच फाइलवर निघणार. तो जाहिरातदारांना आणि विक्रेत्यांना वाटला जाईल आणि त्यांनी मान डोलावली की पंधरा मार्च पक्का.

२६ फेब्रुवारी

अंक निघाला! सकाळीच छापखान्यात जाऊन एक प्रत घेऊन आले. पहिल्या पानावर नळजोडणीच्या अर्जांची बातमी, आणि तिच्यावर पानभर पसरलेला माझा पैलवान: शेवटचा दिवस! आजच भरा. काय खणखणीत! बाकीचं पान मला फिकं वाटलं, पण मथळा नुसता गर्जत होता.

छापखान्यात सगळे गप्प होते. आवडलं की माणसं अशी गप्प होतात. ऑपरेटर तेवढा तोंड दाबून हसला तर फोरमननं त्याला बाहेर पिटाळलं. प्रती तोवर वाटायला गेल्यासुद्धा होत्या.

दुपारी संपादकांचा फोन. "उद्या या. दोघीही." आवाजात काही ओळखू येत नव्हतं. धाकटीला कुणी कळवलं देव जाणे, ती रात्रीच्या गाडीनं निघते आहे म्हणाली.

शाबासकीसाठी दोघींना का बोलावतील?

२७ फेब्रुवारी

जसं घडलं तसं लिहिते. आजच लिहायला हवं.

धाकटी गाडीतून उतरून थेट तिथेच आली, बॅग हातात. केबिनमध्ये संपादक, फोरमन आणि आम्ही. संपादकांनी नमुना अंक माझ्यापुढे ठेवला.

"बाई, हे वाचा."

"शेवटचा दिवस, आजच भरा," मी वाचलं.

संपादकांनी अंक माझ्या आणखी जवळ सरकवला.

"पुन्हा वाचा. सावकाश."

मी अंक उचलून डोळ्यांशी धरला. भ मला दिसत होता. त्याची फटसुद्धा दिसत होती. मीच काढला होता, मला ठाऊक नसेल तर कुणाला? "आजच भरा," मी म्हटलं. आवाज चढला असावा, कारण धाकटीनं माझ्या दंडाला हात लावला.

संपादकांनी दुसरा एक कागद पुढे ओढला. पैलवानाची दोन अक्षरं त्यावर शेजारीशेजारी छापलेली होती. "यातला भ कुठला आणि म कुठला?"

कागद पांढरा होता आणि त्यावर काळं काहीतरी होतं. दोन्ही काळी, दोन्ही दणकट. माझी नजर जिथे जाई तिथलं अक्षर विरघळून जाई. मी डावीकडच्यावर बोट ठेवलं. "हा भ."

"हा म आहे, बाई," संपादक अगदी हळू म्हणाले. "आणि खरं सांगायचं तर उजवीकडचाही मच दिसतो. आम्ही काल आठशे लोकांना आजच मरा असं सांगितलंय. शेवटचा दिवस म्हणून. एका विक्रेत्याची आई दवाखान्यात आहे. त्यानं अंक माझ्या टेबलावर आपटला."

मी अंकाकडे पाहतच राहिले, आणि पाहून काही उपयोग नव्हता.

तेवढ्यात धाकटी बोलायला लागली. भराभर, पाठ केल्यासारखी. "चूक माझी आहे. जुनी फाइल माझ्याकडून गेली. ताईनं बरोबर काढलं होतं, चढवताना माझ्याकडून फट बुजली. मी सगळ्यांची माफी मागते. हवं तर मला कामावरून काढा, पण अक्षर ताईकडेच राहू द्या."

फोरमननं मान खाली घातली. त्याला माहीत होतं. संपादकांना माहीत होतं की नाही, कळलं नाही. ते माझ्याकडे बघत होते, असं वाटलं. मला त्यांच्या चेहऱ्याच्या जागी एक करडा डाग दिसत होता आणि भोवती खुर्ची, कान, खिडकी सगळं लख्ख. हा डाग आजचा नव्हता. कधीपासून आहे तेही मला ठाऊक होतं. पट्टी वाकडी होती तेव्हापासून.

गप्प बसले असते तर निभावलं असतं. धाकटीचं नाव खराब झालं असतं, माझं राहिलं असतं. हा विचार माझ्या मनात आला आणि थोडा वेळ टिकला. तो आला हे इथे लिहून ठेवते.

"ती गावात नव्हती," मी म्हटलं. "कागद मी आणून दिले, तिनं नको म्हटलं असताना. चूक माझी. मला दिसत नाही."

तीन शब्द. माझ्या तोंडून निघाले आणि धाकटी तिथेच बॅगेवर बसून हमसून हमसून रडायला लागली. संपादकांनी पाणी मागवलं.

मग त्यांनी विचारलं, "पंधरा मार्चचं काय करायचं, बाई?"

"तिच्या फाइली आहेत. त्यातला भ उघडा आहे. त्याच लावा."

"आणि राहिलेली अक्षरं? जोडाक्षरं?"

"ती काढेल."

"त्या? हातानं?"

"हातानं. मी शेजारी बसून शिव्या देईन."

फोरमन हसला, पण संपादक हसले नाहीत. "दहा तारखेला सगळं टेबलावर हवं. तोवर मी जाहिरातदारांना थोपवतो. नाही आलं तर जुनंच अक्षर चालू राहील, आणि मग पुन्हा तुम्हाला विचारायला येणं मला जमणार नाही."

बाहेर आल्यावर मी धाकटीला विचारलं, "तुला कधीपासून माहीत होतं?"

"तू कपाच्या शेजारी चहा ओतलास ना, तेव्हापासून. नुसता सांडला नव्हता, ताई. सगळा बशीबाहेर होता."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले होते," ती म्हणाली.

३ मार्च

डॉक्टरीण तरुण आहे, तिच्या बोटांना साबणाचा वास येतो. तिनं चौकटी आखलेला एक कागद दिला आणि एकेक डोळा झाकून बघायला सांगितलं. मी म्हटलं, "हे कुणी आखलंय? मधल्या रेघा सगळ्या वाकल्यात."

"रेघा सरळ आहेत," ती म्हणाली.

नंतर बराच वेळ ती धाकटीशी बोलली. बाहेर बाकावर बसल्यावर मी धाकटीचं मनगट धरलं. "आता एक शब्द इकडचा तिकडे करायचा नाही. ती बोलली तसंच्या तसं सांग."

तिनं सांगितलं. डोळ्याच्या आतल्या पडद्याचा मधला भाग खराब होतो आहे. कडेचं दिसत राहील, पण ज्याच्याकडे रोखून बघावं तेच दिसणार नाही. डावा डोळा गेलाय, तो परत येणार नाही. उजवा आत्ता कुठे बिघडायला लागला आहे. त्यात इंजेक्शनं देत राहिली तर आहे तेवढं बहुधा टिकेल. बहुधा हा शब्द डॉक्टरीणबाईंचा आहे, हेही तिनं सांगितलं.

"थोडं आधी यायला हवं होतं, असं म्हणाली का?"

धाकटीनं डॉक्टरांच्या चिठ्ठीची घडी घातली.

"सांग."

"म्हणाली."

मला भीती वाटते. उजवाही गेला तर मी कोण, हे मला ठाऊक नाही. आयुष्यात दुसरं काही शिकलेच नाही.

५ मार्च

इंजेक्शन डोळ्यात देतात. सुई येताना दिसत नाही, एवढीच त्यातली सोय. धाकटी दाराबाहेर उभी होती आणि घाम तिला फुटला होता.

आज काम नाही. दहा तारीख काही थांबणार नाही.

७ मार्च

माझ्या खुर्चीवर ती बसते, मी बाजूला स्टुलावर. ती शाईला घाबरते. बारीक रेघ ओढताना श्वास रोखते आणि रेघ मध्येच पोट सोडते. मी सांगते, श्वास सोडत ओढ. ती म्हणते, "तू बघतेस म्हणून चुकतं." मी म्हटलं, "मी कुठे बघतेय?" दोघीही हसलो आणि मग तिनं पुन्हा पेन शाईत बुडवलं.

तिनं दुपारपर्यंत श्र चार वेळा काढला. चारही वेळा टाकून द्यावा लागला. मी चिडले, ती पेन आपटून आत गेली. शाई माझ्या साडीवर. अशा वेगानं दहा तारखेला आम्ही अर्ध्यावरही पोचणार नाही.

८ मार्च

एक युक्ती सापडली. तिनं काढलेली अक्षरं हातभर मोठी करून भिंतीवर लावायची आणि मी त्यांच्याकडे न बघता खिडकीकडे बघायचं. खिडकीकडे बघितलं की भिंतीवरचं अक्षर कडेनं येतं. धूसर येतं, पण त्याचं वजन कळतं. कुठे झुकलंय, कुठला पाय आखूड पडलाय, आत हवा खेळते की गुदमरलंय, ते सगळं समजतं. बारकावा नाही समजत. तो धाकटी बघते.

"ह चं पोट खाली लोंबतंय," मी खिडकीबाहेरच्या झाडाकडे बघत सांगितलं.

ती पट्टी घेऊन गेली, मोजलं, पुन्हा एकदा मोजलं. मग म्हणाली, "हो गं. लोंबतंय."

श्वास सोडत काढलेला श्र पहिल्या फटक्यात उतरला.

१० मार्च

दिलं. सगळं. ट्र अजून मला पटलेला नाही, पण धाकटीनं माझ्या हातून कागद हिसकावून पाकिटात घातला. संपादकांनी एकेक अक्षर बघितलं. भ आणि म तर फोरमननं, ऑपरेटरनं आणि दारावरच्या माणसानंसुद्धा वाचून दाखवले, वेगवेगळे उभे राहून. मी भिंतीला टेकून ऐकत होते. कुणीही चुकलं नाही.

घरी येऊन दोघीही पंखा न लावता झोपून गेलो.

१६ मार्च

हे मी सांगते आहे आणि धाकटी लिहिते आहे. आज तपासणीसाठी उजव्या डोळ्यात थेंब घातलेत, आणि खरं तर माझ्या ओळी एकमेकींवर चढायला लागल्या होत्या. मागची पानं वाचायची नाहीत, असं तिला बजावलंय. ती म्हणते, वाचणार नाही. बघू.

आज तीच म्हणाली की काय सांगायचं ते सगळं सांग. मग ऐक, लिही. मी तुला चोर समजले होते. मागे कुठल्यातरी पानावर लिहिलंही आहे. तू माझं काम काढून घेत नव्हतीस, सांभाळत होतीस. हे मला फार उशिरा कळलं. माझं चुकलं. थांबू नकोस, लिही.

काल अंक आला. पहिल्या पानावर मथळा होता: अखेर पूल उभा. मी अंक हातात धरून त्याच्या वरच्या कोपऱ्याकडे बघितलं आणि मथळा कडेनं आपोआप वाचला गेला. माझा मला. त्याच्या खालची बातमी मला आता वाचता येत नाही, अंकातलं दुसरं काहीच वाचता येत नाही. ते धाकटीनं वाचून दाखवलं. पूल कुठे आणि कसा उभा राहिला ते सगळं, जाहिरातींसकट. एवढं मोठं अक्षर मी का काढत सुटले होते, ते मला काल समजलं. लोकांना दिसावं म्हणून नव्हे. मला दिसावं म्हणून.

चौकात दोन माणसं एकाच अंकात डोकं घालून वाचत होती आणि तिसरा पलीकडच्या बाकावरून वाचत होता. हे धाकटीनं सांगितलं. मी तिच्या शब्दावर विश्वास ठेवला.

उभा मधला भ तिचा आहे. मी असते तर फट एवढी ठेवली नसती. धाकटीचा भ उत्तम आहे.

लिहून झाल्यावर तिला सगळं मोठ्यानं वाचायला लावलं. तिनं वाचलं ते मी सांगितलं तसंच होतं. कागदावरही तसंच आहे का, ते मला कळायला मार्ग नाही.

तसंच आहे, ताई. एकच शब्द बदललाय. तू 'बरा' म्हणाली होतीस.